कॅमेऱ्यासमोरील विधान आणि कचेरीतील कागद

प्रक्षोभक विधान म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात संताप, धक्का किंवा भीती उत्पन्न व्हावी या हेतूने, किंवा निदान ती होणार हे ओळखून, जाहीरपणे केलेले विधान होय. असे विधान खोटेच असते असे नाही. पुष्कळदा ते खऱ्या दुःखातून आलेले असते आणि त्याचा रोखही योग्य दिशेनेच असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा, कोरपना, जिवती आणि गोंडपिपरी या तालुक्यांत वाघाचे हल्ले, कोळसा खाणींसाठी गेलेली जमीन, सिमेंट कारखान्यांची धूळ, कापसाचा भाव आणि वनजमिनीचे पट्टे हे प्रश्न वर्षानुवर्षे निवेदनांच्या फायलींत पडून असतात, त्यामुळे टीव्हीवर काही जळजळीत बोलल्याखेरीज मुंबईत कोणी दखल घेत नाही, अशी समजूत या भागात रूढ झाली आहे. ही समजूत निराधार नाही, आणि ती बाळगणाऱ्यांना उतावळे ठरवणे अन्यायाचे होईल. तथापि असे विधान करण्यासाठी टीव्हीवर जावे की नाही, याचा निर्णय त्यातून किती खळबळ माजेल यावरून करू नये. ज्या कचेरीकडून किंवा ज्या माणसाकडून काही मिळवायचे आहे, त्याच्या हाती त्या विधानामुळे सोपे उत्तर जाते, की उत्तर देणे त्याला जड जाते, ही कसोटी लावावी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

ही कसोटी समजण्यासाठी राजुऱ्यात बोललेले वाक्य पडद्यावर कसे पोहोचते, हे आधी पाहिले पाहिजे. तालुक्यात बहुतेक वाहिन्यांचा पूर्णवेळ नोकरीतला वार्ताहर नसतो; असतो तो तालुका प्रतिनिधी किंवा स्ट्रिंगर, म्हणजे बातमीगणिक मानधन मिळवणारा आणि बहुधा सोबतीला दुसरा काही व्यवसाय करणारा पत्रकार. त्याने टिपलेले चित्रण जिल्हा प्रतिनिधीमार्फत किंवा थेट वाहिनीच्या मुख्य कार्यालयातील डेस्ककडे जाते, आणि डेस्कवर बसलेला, जिवती कोठे आहे हे कदाचित नकाशावर शोधावे लागणारा माणूस त्यातून पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा निवडतो. या तुकड्याला वृत्तव्यवसायात ‘बाइट’ म्हणतात. दहा मिनिटे बोलणाऱ्याची पार्श्वभूमी, आकडे आणि मागणी कापली जाऊन त्याचे सर्वांत तापलेले वाक्य तेवढे उरते, यात स्थानिक पत्रकाराचा दोष क्वचितच असतो. वाहिनीचे उत्पन्न जाहिरातींवर, जाहिरातींचा दर प्रेक्षकसंख्येच्या अंदाजावर आणि तो अंदाज ‘बार्क’ या संस्थेने देशभर निवडलेल्या, पन्नास हजारांहून थोड्या अधिक घरांत बसवलेल्या मोजणी यंत्रांवर अवलंबून असतो. राजुऱ्याचा प्रश्न राजुऱ्यातील माणसाला किती जिव्हाळ्याचा आहे, याची नोंद या मोजणीत जवळजवळ होतच नाही. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाचे बोट रिमोटवर किती वेळ थांबले, याची होते. म्हणून डेस्कला प्रश्नापेक्षा ठिणगी हवी असते, आणि ठिणगी पुरवणाऱ्याने ती कोणाच्या चुलीसाठी पुरवली जात आहे, याचे भान ठेवलेले बरे.

या संदर्भात सर्वांत बोधक उदाहरण राजुऱ्याचेच आहे. १८ सप्टेंबर २०२५ रोजी लोकसभेतील विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी दिल्लीत घेतलेल्या पत्रकार परिषदेत मतदार याद्यांतील कथित गैरप्रकारांविषयी बोलताना कर्नाटकातील आळंद मतदारसंघासोबत राजुरा विधानसभा मतदारसंघाचे नाव घेतले आणि येथे ६,८५० मतदार बनावट पद्धतीने वाढवण्यात आल्याचा आरोप केला. पडद्यावर दाखवलेल्या नमुन्यांत अर्थहीन इंग्रजी अक्षरांचे एक नाव होते आणि त्याच्या पत्त्याच्या जागी ‘सास्ती, सास्ती’ एवढेच लिहिलेले होते. कोळसा खाणीमुळे ओळखले जाणारे सास्ती हे गाव राजुऱ्याच्या माणसाला पायाखालच्या वाटेइतके परिचित, परंतु राष्ट्रीय वाहिन्यांवर त्याचा उच्चार होण्याचे एरवी काहीच कारण नव्हते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपचे देवराव भोंगळे यांनी काँग्रेसचे सुभाष धोटे यांचा ३,०५४ मतांनी पराभव केला होता, हे लक्षात घेता ६,८५० हा आकडा किती स्फोटक होता, हे निराळे सांगण्याची गरज नाही. एका संध्याकाळी राजुरा देशभर पोहोचले.

निवडणूक यंत्रणेने दिलेले उत्तर मात्र तितक्याच वेगाने आले. १ ते १७ ऑक्टोबर २०२४ या काळात राजुऱ्यात नव्या मतदार नोंदणीचे ७,७९२ अर्ज आले, पडताळणीत त्यांपैकी ६,८६१ अर्ज अपात्र ठरल्याने ते फेटाळण्यात आले, म्हणजे ती नावे यादीत गेलीच नाहीत, आणि या प्रकाराबाबत राजुरा पोलीस ठाण्यात गुन्हाही आधीच, निवडणुकीपूर्वीच, नोंदवण्यात आला, असे सांगण्यात आले. ‘मतदार वाढवले’ या शब्दांना ‘अर्ज फेटाळले’ हे उत्तर पुरेसे ठरते. ते देणाऱ्याला फार विचार करावा लागत नाही. परंतु याच आकड्यांच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला होता, जो उच्चारला असता तर त्याला असे तयार उत्तर नव्हते: सतरा दिवसांत जवळजवळ सात हजार खोटे अर्ज एका मतदारसंघात ऑनलाइन भरले कोणी, कोणत्या मोबाइल क्रमांकांवरून आणि कोणत्या संगणकांवरून, आणि गुन्हा नोंदल्यानंतर अकरा महिन्यांत तपास कोठवर आला? हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या मतदाराने विचारावा असा आहे. तो कमी प्रक्षोभक, म्हणूनच कमी ऐकला गेलेला, आणि तरीही यंत्रणेला अधिक अडचणीत आणणारा होता.

या प्रकरणात राजकीय बाजू कोणाची खरी, हा या लेखाचा विषय नाही. सामान्य नागरिकाने त्यातून घ्यायचे ते एवढेच की, विधानाला जे वजन प्राप्त झाले ते आवाजाच्या पट्टीमुळे नव्हे, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये कोणीतरी संशयास्पद अर्ज ओळखले, तक्रार झाली आणि पोलीस ठाण्याच्या दप्तरी तारखेसह नोंद राहिली, यामुळे. तो कागद नसता तर वर्षभरानंतर दिल्लीतून राजुऱ्याचे नाव घेण्यासारखे काहीच हाती राहिले नसते. विधानाचा जो भाग त्या कागदाच्या पुढे गेला, त्याच भागावर प्रतिपक्षाला बोट ठेवता आले.

आता सामान्य माणसासमोर कॅमेरा येण्याचा या भागातील सर्वांत नेहमीचा प्रसंग घेऊ, तो म्हणजे वाघाचा हल्ला. राजुरा आणि विरूर वनपरिक्षेत्रांत आठ जणांचा बळी घेणारा मानला गेलेला ‘आरटी-१’ हा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये पिंजऱ्यात जेरबंद होईपर्यंत अनेक गावांनी सरपणाला, गुराखीपणाला आणि कापूस वेचायला जाण्याचा धसका घेतला होता, आणि त्यांचा संताप सर्वस्वी न्याय्य होता. अशा वेळी मृताच्या घरासमोर किंवा रस्ता रोखलेल्या गर्दीत वार्ताहराने समोर धरलेल्या ‘बूम’वर, म्हणजे वाहिनीचे बोधचिन्ह लावलेल्या मायक्रोफोनवर, जे वाक्य हमखास उमटते ते असे असते: “वनखात्याला जमत नसेल तर वाघाला आम्हीच मारू.” बोलणाऱ्याच्या भावनेत खोट नसते. पण त्या वाक्याचे पुढे काय होते, ते बारकाईने पाहावे. वाघ हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी असून त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे; त्यामुळे वनाधिकाऱ्याला त्याच बूमवर शांतपणे सांगता येते की, कायदा हातात घेऊ नये, आम्ही प्रयत्न करीत आहोत. चर्चा गावाच्या सुरक्षिततेवरून गावकऱ्यांच्या बेकायदेशीरपणाकडे वळते. शिवाय पुढे त्या परिसरात एखादा वाघ विजेच्या तारेने मेला, तर संशयाची पहिली सुई कॅमेऱ्यासमोर बोललेल्या माणसाकडे वळू शकते, आणि त्याचे चित्रण तर कायमचे उपलब्ध असते.

त्याच पंधरा सेकंदांत दुसरे वाक्य बसू शकते. याच अधिनियमाच्या कलम ११ नुसार पहिल्या अनुसूचीतील प्राणी मनुष्यजीवितास धोकादायक झाला आहे अशी खात्री पटल्यास मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आणि सकारण आदेश देऊ शकतात, परंतु प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही याची खात्री झाल्याखेरीज त्याला ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. म्हणजे निर्णयाचा अधिकार घटनास्थळी आलेल्या वनरक्षकाकडे किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे नसतो. त्यांना शिवीगाळ करून हाती काही लागत नाही, आणि गर्दीपुढे एकटाच उभा असलेला वनरक्षक हाही बहुधा शेजारच्याच गावचा असतो. “आमच्या ग्रामसभेने अमुक तारखेला ठराव करून वाघ पकडण्याची मागणी केली, त्यानंतर दुसरा माणूस गेला, पकडण्याच्या परवानगीचा प्रस्ताव नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे कोणत्या तारखेला पाठवला, ते साहेबांनी आत्ता सांगावे,” हे वाक्य ऐकायला कमी भडक आहे, पण त्याला ‘प्रयत्न सुरू आहेत’ हे उत्तर चालत नाही, कारण त्यात तारीख मागितलेली आहे. प्रस्ताव गेला असेल तर तारीख सांगावी लागते; गेला नसेल तर तो त्या रात्रीत तयार होण्याची शक्यता वाढते. बाइट कापणाऱ्या डेस्कलाही हे वाक्य चालते, कारण त्यात मृत्यू, जबाबदार अधिकारी आणि थेट प्रश्न असे तिन्ही घटक एकत्र येतात. वाक्य कापले गेले तरी त्याचा अर्थ बिघडू नये, यासाठी मागणी, कार्यालयाचे नाव आणि तारीख या गोष्टी एकाच वाक्यात ठेवाव्यात आणि ‘पण’, ‘तसे पाहिले तर’ अशी शेपटे मागे जोडू नयेत.

बाइट आणि चर्चा यांत मोठा फरक आहे. चर्चेच्या कार्यक्रमात, मग तो स्टुडिओत असो किंवा मोबाइलवरून जोडून घेतलेला असो, चार ते आठ सहभागी, एक सूत्रसंचालक आणि मधून मधून जाहिराती अशी रचना असते. प्रत्येकाच्या वाट्याला सलग बोलण्यासाठी फारच थोडा वेळ येतो आणि कोणाचा आवाज चालू ठेवायचा, कोणाचा बंद करायचा, हे नियंत्रण कक्षात ठरते. राजकीय पक्षांचे प्रवक्ते या खेळात तरबेज असतात, कारण त्यांना दररोज तेच करायचे असते. राजुऱ्यातील शेतकरी, शिक्षिका किंवा ग्रामपंचायत सदस्य त्यात बसला की त्याच्या अनुभवाचे रूपांतर एखाद्या पक्षाच्या बाजूच्या पुराव्यात होते, आणि त्याने थोडे चढ्या आवाजात उत्तर दिले की तेवढाच भाग समाजमाध्यमांवर फिरतो. म्हणून चर्चेचे निमंत्रण आल्यास विषयाचे नेमके शीर्षक, इतर सहभागींची नावे आणि कार्यक्रम थेट आहे की ध्वनिचित्रमुद्रित, हे आधी विचारून घ्यावे. उत्तर टाळले गेले तर नम्रपणे नकार द्यावा. नकार देण्यात कमीपणा नाही. याउलट गावात येऊन वीस-पंचवीस मिनिटांचा वृत्तांत करू इच्छिणाऱ्या पत्रकाराला, वाहिनी लहान असली तरी, पूर्ण वेळ द्यावा. कोणत्याही मुलाखतीच्या वेळी आपल्या बाजूच्या एकाने स्वतःच्या मोबाइलवर संपूर्ण बोलणे चित्रित करून ठेवणे आणि तसे पत्रकाराला आधीच सांगणे, ही सवय लावून घ्यावी. पुढे विधानाचा विपर्यास झाला तर तोच एकमेव पुरावा ठरतो.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम १९६ धर्म, जात, भाषा, प्रदेश आदी आधारांवर समूहांत वैर वाढवण्याबाबत, कलम २९९ धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याबाबत, कलम ३५३ सार्वजनिक अशांतता माजवू शकणाऱ्या विधानांबाबत आणि कलम ३५६ बदनामीबाबत आहे. बदनामीच्या खटल्यात विधान सत्य असणे एवढे पुरत नाही, ते लोकहितासाठी केलेले असावे लागते. म्हणून एखाद्या कंपनीच्या किंवा अधिकाऱ्याच्या नावापुढे ‘चोर’ हा शब्द लावण्यापेक्षा कोणत्या गटातील किती जमिनीचा मोबदला किती वर्षे थकला, हे सांगणे सुरक्षित आणि अधिक बोचरेही असते. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खालील गुन्ह्यांत कलम १८ मुळे सामान्यतः अटकपूर्व जामिनाचा मार्ग बंद असतो, हे आदिवासीबहुल भागात जातीवाचक बोलण्यास सरावलेल्या प्रत्येकाने पक्के लक्षात ठेवावे. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी आणि इतर शासकीय कर्मचाऱ्यांना शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास वर्तणूक नियमांनी मर्यादा घातलेली आहे; त्यांच्याकडे माहिती पुष्कळ असते, पण ती त्यांनी कॅमेऱ्यापुढे मांडण्याऐवजी ग्रामसभेच्या अभ्यासासाठी कायदेशीर मार्गाने उपलब्ध करून देणे श्रेयस्कर होय.

गुन्हा, दंड आणि तुरुंग हे बोलणाऱ्याच्या वाट्याला येते; परंतु प्रक्षोभक विधानाची किंमत बोलणाऱ्यापुरती मर्यादित राहत नाही, ही गोष्ट अधिक गंभीर आहे आणि तिचा विचार फार कमी केला जातो. २६ मे २०२२ रोजी एका राष्ट्रीय वृत्तवाहिनीवरील चर्चेत भाजपच्या तत्कालीन प्रवक्त्या नूपुर शर्मा यांनी प्रेषित मुहम्मद यांच्याविषयी केलेल्या विधानानंतर पक्षाने त्यांना निलंबित केले, देशात अनेक ठिकाणी गुन्हे नोंदले गेले, आखाती देशांनी निषेध नोंदवला. पण त्या चर्चेशी, त्या वाहिनीशी किंवा दिल्लीच्या राजकारणाशी काडीचाही संबंध नसलेल्या, विदर्भातीलच अमरावती शहरातील एका औषधविक्रेत्याचा, त्याने शर्मा यांच्या समर्थनाचा संदेश पुढे पाठवल्यावरून, त्याच वर्षीच्या २१ जून रोजी खून झाला. खुनाची जबाबदारी खून करणाऱ्यांचीच आहे, तीत कोणतीही वाटणी होऊ शकत नाही. तरीही स्टुडिओत बोललेले वाक्य किती दूरच्या घरात जाऊन पडते, याचा अंदाज बोलणाऱ्याला नसतो, हे विदर्भाने फार जवळून पाहिले आहे.

राजुऱ्यानेही याचा एक अनुभव घेतला आहे. २०१९ च्या एप्रिलमध्ये येथील एका निवासी शाळेतील अल्पवयीन आदिवासी मुलींवरील लैंगिक अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आल्यानंतर, नुकसानभरपाईच्या आशेने पालक तक्रारी करीत असावेत, अशा आशयाचे विधान काही राजकीय नेत्यांकडून पत्रकार परिषदेत झाले, आणि त्यावर आदिवासी संघटनांनी तीव्र निषेध केला. निषेध योग्यच होता. परंतु जे दिवस तपास, वैद्यकीय उपचार आणि मुलींचे पुनर्वसन यांवर लक्ष केंद्रित करण्याचे होते, त्या दिवसांतील बातम्यांचा मोठा वाटा एका वाक्याने खाल्ला. अशा प्रकरणांत आणखी एक दक्षता अनिवार्य आहे: पीडित मुलीचे नाव, गाव, शाळा, नातेवाईक यांपैकी ओळख पटवणारे काहीही कॅमेऱ्यासमोर उच्चारणे हा पॉक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या, कायद्याखाली गुन्हा आहे, मग बोलणारा न्याय मागणारा काका किंवा शेजारी का असेना. लहान गावात ‘अमक्या शाळेतली, अमक्या टोल्यावरची’ एवढे बोलले तरी ओळख पुरी होते.

याचा अर्थ प्रक्षोभक विधान कधीच करू नये असा नाही. विदर्भात असे एक विधान झाले आहे की, ज्याने व्यवस्थेला खरोखर हलवले, आणि ते गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीचे आहे. “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही त्या गावाची घोषणा. नक्षलवादाची छाया असलेल्या जिल्ह्यात, वनखात्याच्या ताब्यातील जंगलाच्या मधोमध, हे शब्द जाहीरपणे उच्चारणे हे कोणत्याही टीव्ही विधानापेक्षा धाडसाचे होते, आणि अधिकाऱ्यांना ते उद्दामपणाचे वाटू शकले असते. पण या वाक्यामागे गाव उभे होते. मेंढ्यात निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होत, गावातील अभ्यास मंडळात कायदे वाचून समजून घेतले जात, देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेची साथ होती. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर गावाने सामूहिक वनहक्काचा दावा रीतसर दाखल केला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील हक्क मिळवला. त्यानंतरही बांबू तोडून विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखाते देईना. तेव्हा गावाने बांबू विक्रीस काढून हा पेच देशापुढे आणला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. कॅमेरे तेव्हा आपोआपच आले. घोषणेला ‘हे बेकायदेशीर आहे’ असे उत्तर देणे अशक्य होते, कारण कायद्याचे पान गावाच्या हातात होते.

कापूस उत्पादकांना अधिक जवळचे वाटेल असे दुसरे उदाहरण १० जून २०१९ चे आहे. अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेले तणनाशक सहनशील कापूस बियाणे, ज्याला बाजारात एचटीबीटी आणि गावात ‘चोर बीटी’ म्हणतात, सर्वांसमक्ष पेरले. राजुरा भागात शेतकरी संघटनेचे माजी आमदार वामनराव चटप यांच्यासारख्या नेत्यांमुळे जाहीर आंदोलनाची ही परंपरा चांगली परिचित आहे. अकोली जहांगीर येथे पेरणी करणाऱ्यांनी कायदा मोडत असल्याचे आणि शिक्षा भोगण्याची तयारी असल्याचे आधीच जाहीर केले होते. त्यामुळे ‘हे बेकायदेशीर आहे’ या उत्तरातील हवाच निघून गेली आणि तंत्रज्ञानावरील बंदी कशासाठी, हा मूळ प्रश्न वादात टिकून राहिला. मागणी मान्य झाली नाही, गुन्हे मात्र दाखल झाले. बियाण्याच्या सुरक्षिततेबाबत मतभेद असणारांनाही या कृतीची शिस्त नाकारता येणार नाही.

या दोहोंच्या उलट टोकाला राज्याचे तत्कालीन महाधिवक्ता श्रीहरी अणे यांचे प्रकरण आहे. राज्याचे सर्वोच्च विधी अधिकारी असताना त्यांनी आधी स्वतंत्र विदर्भासाठी जनमताची भाषा केली आणि मार्च २०१६ मध्ये जालन्यात मराठवाड्याच्या स्वतंत्र राज्याविषयी विधान केले. विधिमंडळात गदारोळ झाला आणि २२ मार्च २०१६ रोजी त्यांनी राजीनामा दिला. विदर्भाच्या मागणीला १९५५ मधील फाजल अली आयोगाच्या, म्हणजे राज्य पुनर्रचना आयोगाच्या, शिफारशीचा भक्कम लेखी आधार आहे, आणि अणे यांना तो कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होता. तरीही पदावर असताना असे बोलणे योग्य की अयोग्य, एवढ्याच प्रश्नाभोवती वाहिन्या फिरत राहिल्या, कारण तेच प्रतिपक्षाला सर्वांत सोपे उत्तर होते. वक्ता अभ्यासू आणि प्रामाणिक असूनही विधानाचे स्थान चुकले तर विषय कसा बाजूला पडतो, हे यातून दिसते.

तेव्हा व्यवहारात क्रम असा ठेवावा की, कॅमेऱ्यापूर्वी कागद व्हावा: ग्रामसभेचा ठराव, निवेदनाची आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच, किंवा पोलिसांकडील तक्रारीची प्रत. माहितीच्या अधिकाराखाली मागितलेली माहिती साधारणपणे तीस दिवसांत मिळणे अपेक्षित असल्याने तो अर्ज टीव्हीवर बोलण्याच्या महिनाभर आधी टाकलेला असावा. बोलण्याची वेळही विचारपूर्वक निवडावी. डिसेंबरमध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा विदर्भातील प्रश्नांसाठी पत्रकार, मंत्री आणि सचिव एकाच शहरात असतात. त्या आठवड्यांत आमदाराने मांडलेली लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या सार्वजनिक प्रश्नावर मंत्र्याला सभागृहात निवेदन करायला लावणारे संसदीय साधन, आणि गावातून आलेली बाइट यांची सांगड घातली तर दोन्हींचे बळ वाढते. मात्र त्याच वेळी राज्यभरातील मोर्चेही तेथे उतरतात, म्हणून एकाकी बाइट त्या गर्दीत हरवते. जिवती तालुक्यातील तेलंगणाच्या सीमेवरच्या चौदा गावांचा अनुभव येथे आठवावा: दोन्ही राज्यांच्या मतदार यादीत नावे असलेले मतदार म्हणून प्रत्येक निवडणुकीला तेथे कॅमेरे पोहोचतात, पण जमिनीच्या पट्ट्याचा प्रश्न मतदानानंतर कोणी विचारत नाही.

प्रसारणानंतरचा दिवस सर्वांत महत्त्वाचा असतो. बातमीची चित्रफीत पेन ड्राइव्हमध्ये घेऊन ती नव्या निवेदनासोबत जोडपत्र म्हणून तहसील कार्यालयात आणि संबंधित खात्यात द्यावी. तालुका पातळीवर महिन्याच्या तिसऱ्या आणि जिल्हा पातळीवर पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनात तोच अर्ज मांडावा. विधानाचा विपर्यास झाला असेल तर तक्रार आधी थेट वाहिनीकडे, प्रसारणाची तारीख, वेळ आणि आपल्याकडील मूळ चित्रणासह लेखी पाठवावी. २०२१ च्या केबल दूरचित्रवाणी नियमांनुसार वाहिनीने चोवीस तासांत पोच देणे आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवणे अपेक्षित आहे. तेथे समाधान न झाल्यास पुढील पंधरा दिवसांत ती वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे, आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेकडे दाद मागता येते. ही मुदत टळू नये म्हणून बातमी लागल्याच्या रात्रीच प्रसारणाची वेळ मिनिटासह लिहून ठेवावी.